काचेच्या सात पट्ट्या

जळगाव,
आखाजीनंतरचा गुरुवार

चिरंजीव बाळास,


आधी एक सांगून ठेवते. तू दुकानात होतास तेव्हा मी घरात सात ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. सूनबाई काही बोलली नाही, पण आत्याबाईंचं वय झालं असं तिला वाटलं असणार. त्या पट्ट्या काढायच्या नाहीत, रंगवायच्या नाहीत, त्यांच्यावर कॅलेंडर टांगायचं नाही. कशासाठी, ते पुढे येईलच.

तुझी वही मी गाडीतच वाचली. रावेर येईपर्यंत एकदा आणि भुसावळला गाडी रखडली तेव्हा दुसऱ्यांदा. बुऱ्हाणपूरचं घर दुरुस्त करावं की विकून लालबागच्या पुढच्या त्या नव्या कॉलनीत जावं, हा प्रश्न तू शेवटच्या पानावर एका ओळीत लिहिला आहेस. त्याच्याआधी चार पानं घराविरुद्ध सतरा तक्रारी, नंबर घालून. माझा दादा, तुझा बाप, किराण्याची यादी अशीच करायचा. मिठालाही नंबर.

उत्तर देण्याआधी माझी बाजू उघड करते. ते घर माझं माहेर आहे, त्यामुळे माझं मन 'राहू दे' असंच म्हणणार. दुसरं, पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून माझा जन्म गेला. भिंतीला भेग दिसली की माझं जेवणात लक्ष लागत नाही. तिसरं, कायद्यानं त्या घरात माझा हिस्सा आहे. सल्लागार असा तिन्हीकडून अडकलेला आहे. तेव्हा या पत्रातला माहेरचा भाग तू वजा करून वाच, आरेखकाचा ठेव. हिश्श्याचं मी शेवटी मोकळेपणानं बोलतेच. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी तर या वेळी स्टूल घेऊन, पेचकस घेऊन, अक्षरशः मोजले.

तुझ्या सतरा तक्रारी मी तीन रकान्यांत लिहून काढल्या. पहिल्यात गवंडी-सुतार-प्लंबर ज्या मिटवू शकतो त्या. दुसऱ्यात जगातला कुठलाही गवंडी मिटवू शकणार नाही, घर बदललं तरच सुटतील अशा. तिसऱ्यात ज्या घर दुरुस्त करूनही राहतील आणि घर बदललंस तर सामानाच्या टेम्पोत बसून तुझ्याबरोबर येतील अशा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाळा: घर बदलायचं ते फक्त दुसऱ्या रकान्यासाठी. पहिल्यासाठी बदललंस तर पैसा वाया, तिसऱ्यासाठी बदललंस तर पैसाही वाया आणि घरही.

पहिल्या रकान्यात नऊ तक्रारी आल्या. मागची खोली गळते, भिंतीला ओल, रंगाचे पोपडे, माजघराच्या चौकटीला वाळवी, वरच्या टाकीचं पाणी झिरपतं, वायरिंग जुनं, स्वयंपाकघरात अंधार, माजघरात उजेड नाही, आणि वहिनींना, तुझ्या आईला, संडासासाठी जिना चढावा लागतो. ऐकायला नऊ आहेत. नीट बघ, पहिल्या पाच एकच आहेत.

आमच्या लहानपणी ओट्याला चार पायऱ्या होत्या. आमच्या वडिलांनी, आण्णांनी, 1958 मध्ये घर घेतलं तेव्हाचा फोटो माझ्याकडे आहे, आई तिसऱ्या पायरीवर बसली आहे. आता पायऱ्या किती उरल्या, सांग? दीड. ओटा खचला नाही, गल्ली वर आली. दर काही वर्षांनी जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच नवा थर पडत गेला. आधी डांबर, मग सिमेंट. जोतं गाडलं गेलं. पूर्वी घरातलं पाणी गल्लीत उतरायचं, आता गल्लीतलं पाणी घराकडे बघतं. मागच्या बाजूला धाब्याचं पाणी पन्हाळातून थेट भिंतीच्या पायाशी पडतं, कारण पन्हाळाचा पुढचा हातभर तुकडा केव्हा तरी तुटला आणि कुणी बसवला नाही. पायाशी पाणी मुरतं, ते भिंतीतून वर चढतं, ओलसर लाकडाकडे वाळवी येते. तू मात्र दर दिवाळीला पोपडे खरवडून रंग देतोस.

यात माझाही दोष आहे, तो कबूल करते. 1994 मध्ये दादानं त्या मागच्या भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलं, ते माझ्या सांगण्यावरून. मला वाटलं, सिमेंट म्हणजे पक्कं, ओल थांबेल. जुनी भिंत पातळ विटांची आणि चुन्याची. चुन्यातून ओल बाहेर पडून वाऱ्यावर वाळते. सिमेंटनं ती वाट बंद केली. ओल मग बाहेर पडायला जागा शोधत प्लास्टरच्या वरपर्यंत चढली आणि आपले क्षार तिथे सोडत गेली. म्हणून तुझे पोपडे बरोबर छातीच्या वर आहेत, खाली नाहीत. ते प्लास्टर काढून चुन्याचं करावं लागेल. चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री शोधायला वेळ लागेल, पण बुऱ्हाणपुरात नाही मिळायचा तर कुठे मिळेल? किल्ल्याच्या आणि मशिदींच्या डागडुजीवर काम केलेली माणसं त्याच शहरात आहेत.

तुला आठवतं का, सहावीत असताना मी तुला कुंडी भंडारा बघायला नेलं होतं? तू वरून कुंडीत वाकून ओरडलास आणि आवाज परत आला नाही म्हणून रुसलास. 1615 च्या सुमाराला, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं ती योजना आखली. सातपुड्यातून झिरपत तापीकडे निघालेलं पाणी त्यानं जमिनीखालीच अडवलं आणि बोगद्यानं एका कुंडीतून दुसरीत, अशा शंभराहून जास्त कुंड्यांमधून, नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलं. ना मोट, ना पंप. चारशे वर्षं उलटून गेली तरी पाणी वाहतं आहे. त्याला धोका बाहेरच्या पडझडीपेक्षा आतल्या थरांचा जास्त: पाण्यातला चुना बोगद्याच्या भिंतींवर साचत जातो आणि वाट अरुंद होते. ती खरवडून मोकळी ठेवायची, ही त्याची खरी देखभाल. त्या शहरात राहून आपण पाण्याची वाट बघायची विसरलो आणि टाइल्स निवडत बसलो.

तेव्हा ठेकेदारानं दिलेलं चौदा लाखांचं अंदाजपत्रक तूर्त बाजूला ठेव. त्यातला निम्मा खर्च फॉल्स सीलिंग, टाइल्स आणि दर्शनी भिंतीचा आहे. पाणी हा शब्द त्यात एकदाच आला आहे, तोही 'पाण्याची टाकी' म्हणून. पावसाळ्याआधी फक्त एवढं कर: पन्हाळ लांब करून पाणी भिंतीपासून दूर पाड, मागच्या पायाशी उताराची फरशी आणि नाली कर, धाब्यावरचं गवत उपटून पांढरी माती टाकून चोपून घे, टाकीचा पाइप बदल. आण्णा मृगाआधी दरवर्षी धाब्यावर पांढरी टाकायचे. दादानंही बरीच वर्षं टाकली. नंतर कुणी वर चढलं नाही.

वासे आणि तुळया मी तपासल्या. तुळईचा मधला भाग सहसा कुजत नाही, कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण तिथे ओल लागते आणि वारा लागत नाही. पेचकसाची मूठ आपटून बघितली; बद्द आवाज आला तिथे टोक रुतवलं. माजघराच्या दोन तुळयांची मागची टोकं नरम आहेत, बाकी सगळं सागवान खणखणीत आहे. दोन तुळयांना टोकाशी आधार देणं हे सुताराचं आठवड्याचं काम आहे. त्यासाठी कुणी 'सगळं पाडून आरसीसी करू' म्हणालं तर त्याला चहा पाजून पाठव. पण हेही ऐक: या भिंतींवर तिसरा मजला चढवायचा नाही आणि हॉल मोठा दिसावा म्हणून माजघराची भिंत काढायची नाही. ती भिंत नुसता आडोसा नाही, वरचा अर्धा मजला तिच्यावर बसला आहे.

वहिनींच्या गुडघ्यांचं मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नकोस. परसाकडच्या कोठीत कमोड आणि आधाराचा गज बसव, त्यांची खाट माजघरात आण. घर ठेवलंस किंवा विकलंस तरी हा खर्च फुकट जायचा नाही. त्या रोज रात्री दोनदा तो जिना चढतात-उतरतात, दोरी धरून. मी शेजारच्या खाटेवर होते. पावलं मोजली, अठरा पायऱ्या.

आता दुसरा रकाना. यात चार तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. गल्लीत गाडी येत नाही, शेजारच्या मागांची खटखट, मुलांना अंगण नाही, आणि पश्चिमेची सामाईक भिंत, जिच्या पलीकडचं घर ओस पडलं आहे.

मागांचं आणि अंगणाचं तुझं तू ठरव. एवढंच म्हणते की ती खटखट बंद होते तेव्हा त्या शहरात जास्त काळजी वाटते. माग थांबले म्हणजे पुढच्या घरात चूल थांबली. पण ऐकायचं तुला आहे, मला नाही.

गल्ली मात्र मी हलकी धरत नाही. शहराचा कोट 1731 मध्ये निजामाच्या काळात उठला आणि आतल्या गल्ल्या त्या वेळच्या वाहनांच्या मापाच्या राहिल्या. त्या रुंद होणार नाहीत. मी वहिनींचा हात धरून दारापासून रिक्षा उभी राहते तिथपर्यंत चालले. चौऱ्याण्णव पावलं, दोनदा थांबलो. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर स्ट्रेचर चौऱ्याण्णव पावलं हातावर न्यावं लागेल. गल्लीतली चार पोरं धावून येतील, हे मला माहीत आहे. नव्या कॉलनीत गाडी दाराशी येईल, पण उचलायला कोण येईल, हे मला माहीत नाही. दोन्ही गोष्टी तराजूत टाक. एकच टाकून तोलू नकोस.

सामाईक भिंतीवर सगळ्यात मोठी भेग आहे. तिथे दोन पट्ट्या लावल्या आहेत. आता पट्ट्यांचं सांगते.

फ्रेमवाल्याकडून इंचभर रुंदीचे पातळ काचेचे तुकडे कापून आणले. भेगेवरचा रंग खरवडून तुकडा भेगेवर आडवा ठेवला आणि दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं भिंतीला पक्की केली. शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली. आमच्या खात्यात भिंतीची भेग जिवंत आहे की मेलेली, ते असं बघत. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी रुंदावली तरी तडकते. मेलेली भेग भरून टाकायची आणि विसरायची. जिवंत भेग भरून उपयोग नाही, तिचं कारण शोधायचं. दोन पट्ट्या सामाईक भिंतीवर, दोन मागच्या भिंतीवर, एक जिन्याशी, एक माजघराच्या दारावर, एक दर्शनी भिंतीवर. उन्हाळा त्यांनी थोडा बघितला आहे. पावसाळा बघू दे. घरानं स्वतः साक्ष द्यावी, आपण तिच्याआधी निकाल देऊ नये.

आता त्या नव्या घराकडे वळते. परवा तू मला तिथे घेऊन गेलास. वारा छान होता, रस्ते रुंद, दारात गुलमोहर लावायला जागा. तू भिंतीचा रंग दाखवत होतास आणि मी पायाखाली बघत होते. त्या जमिनीवर परवापर्यंत केळी होती. केळीला मानवते ती काळी माती घराला मानवतेच असं नाही. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वर बसलेल्या घराला दरवर्षी वर-खाली करते. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. 1999 मध्ये आम्ही जळगावात रो-हाउस घेतलं, पेन्शनीच्या भरवशावर. बांधणाऱ्यानं पाया उथळ घेतला होता. तिसऱ्या उन्हाळ्यात देवघराच्या कोपऱ्यात रुपयाचं नाणं जाईल एवढी भेग पडली. पावसाळ्यात न्हाणीचं दार लागायचं नाही, वैशाखात आपोआप उघडायचं. मी आरेखक असून पायाची खोली विचारली नाही, कारण स्वयंपाकघराचा ओटा मला फार आवडला होता.

तेव्हा तू विचार. पाया किती खोल, काळी माती काढून खाली मुरूम भरला का, का खाली फुगीर बुडाचे खांब घेतले आहेत. आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी रुडकीच्या इमारत संशोधन संस्थेनं ते तंत्र रुजवलं आहे, चांगल्या इंजिनिअरला ठाऊक असतं. उत्तर गोलमाल आलं तर त्याच कॉलनीतलं पाच-सात वर्षं जुनं घर शोध आणि भर मे महिन्यात त्याचे कोपरे बघ, चौकटींवरच्या तिरप्या भेगा बघ. मग ऑगस्टमध्ये जा आणि पाणी कुठे तुंबतं ते बघ. नवं घर हिवाळ्यात बघू नये, हिवाळ्यात सगळीच घरं चांगली असतात.

कागदांचंही तसंच. इकडे आम्ही सातबारा बघतो, तुमच्याकडे पटवाऱ्याकडचा खसरा. शेतीच्या जमिनीचं डायव्हर्शन झालं आहे का, टाउन अँड कंट्री प्लॅनिंगचा मंजूर नकाशा आहे का, रेरा क्रमांक आहे का, हे तिन्ही कागद हातात घेऊन बघ, मोबाइलवरच्या फोटोत नको. केळीच्या बागा तोडून नुसते खांब रोवलेल्या अवैध कॉलन्या तुझ्या डोळ्यांसमोर आहेत. तिथल्या माणसांची अर्धी हयात नाली आणि दिव्यासाठी अर्ज करण्यात जाते. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम कुणी मागू शकत नाही आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरनं आपल्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. आमच्या वेळी हा कायदा असता तर देवघराची भेग कुणी तरी भरून दिली असती. फार लहान प्रकल्पांना नोंदणी लागत नाही, म्हणून 'आम्हाला रेरा लागत नाही' असं कुणी म्हणालं तर का लागत नाही, ते कागदावर घे.

पैशाचं थोडक्यात. तीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता महिना सुमारे 26 हजार येतो आणि शेवटी बँकेला एकूण साडेबासष्ट लाखांच्या आसपास भरले जातात. त्यावर रजिस्ट्री, मुद्रांक, पडदे, जाळ्या. दुकानापासून लांब गेल्यावर रोजचं पेट्रोलही. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर मात्र डोळे झाकून चौथाई जास्त धर. जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल, ते मिस्त्रीलाही माहीत नसतं. तू जुन्या करपद्धतीत असशील तर राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाला वर्षाला 30 हजारांपर्यंतच वजावट मिळते, खरेदी किंवा बांधकामाच्या कर्जाला 2 लाखांपर्यंत. नव्या पद्धतीत राहत्या घराला दोन्ही नाही. आणि जुनं घर विकलंच, तर नफ्यावरचा कर वाचवायला नवं घर दोन वर्षांत विकत घ्यावं लागतं किंवा तीन वर्षांत बांधावं लागतं. 2001 च्या आधीचं घर असल्यानं 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. तेवढं मूल्यांकन करून घे. पण कर वाचतो म्हणून घर घ्यायचं नसतं, जसं सेल आहे म्हणून साडी घ्यायची नसते. मी दोन्ही केलं आहे.

तिसऱ्या रकान्यात चार तक्रारी आहेत. तू त्या घराच्या नावावर लिहिल्यास, म्हणून जरा दचकले. दुकानातून यायला दहा वाजतात. मुलगा इंदूरला शिकायला गेला, तो परत येईलसं वाटत नाही. काकांशी दोन वर्षं बोलणं नाही. आणि चौथी, तुझ्याच शब्दांत, 'घर रिकामं वाटतं.' बाळा, दहा वाजेपर्यंत दुकान चालवणारा माणूस नव्या घरी सव्वादहाला पोहोचेल. मुलगा परत येणार नसेल तर चार खोल्यांचं नवं घरही तेवढंच रिकामं वाटेल, शिवाय हप्त्याचं. या तक्रारींना गवंडी नको, तुझी एक संध्याकाळ हवी.

काकांचं मी बोलते, कारण तिथे मी पक्षकार आहे. आण्णांनी घर स्वतःच्या कमाईनं घेतलं आणि मृत्युपत्र न करता गेले. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगीही पहिल्या वर्गाची वारस. त्यांच्यानंतर आईही गेली. म्हणजे घरात तीन वाटे: दादाचा, जो आता तुमचा, धाकट्याचा, म्हणजे तुझ्या काकांचा, आणि माझा. निगमच्या संपत्तिकराच्या पावतीवर एकट्या दादाचं नाव आहे, म्हणून घर एकट्याचं होत नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढ किंवा विकायला काढ, बँक आणि घेणारा दोघंही पहिल्या दिवशी हेच विचारतील. धाकटा रागावला आहे तो हिश्श्यासाठी नव्हे. विकण्याची गोष्ट त्याला दलालाकडून कळली म्हणून. आधी त्याच्याकडे इंदूरला जा. कागद घेऊन जाऊ नकोस, मावा जिलेबी घेऊन जा. माझा हिस्सा मी हक्कत्यागानं तुला देईन, राहिलास तरी आणि गेलास तरी. अट एकच, ती शेवटी.

जायची भीती बाळगू नकोस, असंही मी सांगेन. आपल्या गावानं एक फार मोठं स्थलांतर बघितलं आहे. 1631 च्या जूनमध्ये मुमताज किल्ल्यात वारली आणि तापीपलीकडे जैनाबादला आहुखान्यात तिला ठेवलं. सहा महिन्यांनी तिथून आग्र्याला नेलं. ताज इथेच व्हायचा होता, पण इथल्या मातीत वाळवी, संगमरवर लांबून आणायचा, म्हणून बेत फिरला, असं गावात सगळे सांगतात. दंतकथा असेल. पण बघ, लोकांनी बादशहाच्या दुःखाच्या गोष्टीतही माती आणि वाहतूक आणून ठेवली. घराचा निर्णय तिथूनच सुरू होतो, हे आपल्या माणसांना ठाऊक आहे. आणि आहुखाना आज कसा आहे, तेही तू बघितलं आहेस. सोडलेल्या जागेची काळजी कोण घेणार, ते सोडायच्या दिवशीच ठरवावं लागतं. गेलास तर घर कुलूप लावून ओस टाकू नकोस. राहणाऱ्याला विक किंवा भाड्यानं दे. पलीकडचं ओस घरच आज आपल्या भिंतीला ओढतं आहे.

मग या वर्षी काय करायचं? नाली, पन्हाळ, पांढरी, कमोड, एवढं मृगाआधी. तुळयांच्या कामासाठी आठवडाभर घर रिकामं करावं लागणारच आहे. त्या निमित्तानं दोन-तीन महिने त्याच नव्या कॉलनीत भाड्यानं घर घे. विकत नव्हे, भाड्यानं. वहिनींना दुपारी बोलायला कुणी मिळतं का, तू जेवायला घरी येतोस का, रात्री अडीअडचणीला कोण येतं, पाऊस पडल्यावर दार लागतं का, हे सगळं दोन-तीन महिन्यांत कळेल. भाडं वाया गेलं असं म्हणू नकोस, ती परीक्षेची फी आहे. मी 1999 मध्ये ती वाचवली होती.

आजच्या आज विचारशील तर माझं मत राहण्याकडे आहे. पण त्यातलं किती आरेखकाचं आणि किती माहेरचं, ते मला सांगता येत नाही. म्हणून तर काचा लावून आले.

माझी अट ही: भाऊबीजेला धाकट्यालाही बोलव. दादा नाही, तरी भाऊ एक आहे, ओवाळायला मी येणारच. त्या दिवशी सकाळी तू, धाकटा आणि मी, तिघं टॉर्च घेऊन सातही पट्ट्या बघू. सामाईक भिंतीवरच्या दोन्ही तडकल्या असतील आणि पलीकडचा मालक घर सावरायला तयार नसेल, तर वहिनींना त्या भिंतीखाली झोपवायचं नाही. मी हक्कत्यागावर सही करीन आणि आईचा पाट तेवढा मागून घेईन. मागच्या दोन तडकल्या असतील तर पाणी अजून मुरतं आहे, एवढाच अर्थ. नाली पुन्हा बघू. सातही शाबूत असतील तर चुन्याचा मिस्त्री शोधायला लागायचं.

जिन्यावरची पट्टी वहिनींचा हात लागून फुटू नये म्हणून जरा उंच लावली आहे. बघायला स्टूल लागेल. ते कोठीत ठेवलं आहे.

तुझी,
आत्या

ता. क. वाकडी पेन्सिल माझी आहे, पण तारखा बरोबर आहेत. सूनबाईला सांग, केर काढताना काचांवरून झाडू नको, ओला फडका फिरव.